ठेवू का?

व्यंकटेश लोमटेला काहीही झालेलं नव्हतं. तो स्वतः सगळ्यांना तसं सांगत असे आणि त्याचे तपासणीचे कागदही तेच म्हणत. रक्तदाब ठीक, साखर ठीक, झोप भरपूर. जालन्यातल्या बियाणे तपासणीच्या एका प्रयोगशाळेत तो वेळेवर जाई, ओल्या कागदावर मांडलेल्या दाण्यांपैकी कोणते उगवले आणि कोणते नाही ते बघे, वेळेवर घरी येई आणि पुढ्यात आलेलं जेवे. एकदा त्याच्या बायकोने, स्नेहलने, मुद्दाम मिठाशिवाय वरण केलं. ताट स्वच्छ करून हा गडी उठला.

"कसं होतं वरण?" तिने विचारलं.

"बरंय," तो म्हणाला.

दिवाळीनंतर अंबाजोगाईला त्याची थोरली बहीण वारली होती, तेव्हापासून हा एकच शब्द घरात शिल्लक होता. मुलीने शाळेत नापास झालेल्या मैत्रिणीची गोष्ट सांगितली तरी बरंय आणि गच्चीवरची टाकी फुटली तरी बरंय. त्यांची मुलगी शर्वरी सुरुवातीला त्याची नक्कल करायची. मग तिने ते सोडून दिलं. चिडवलेल्या माणसाने थोडं तरी चिडावं लागतं, नाहीतर चिडवणाऱ्यालाच कसंतरी होतं.

स्नेहल भूजल खात्यात होती. चैत्रात तिला बढती आली आणि बढतीबरोबर कोल्हापूरला बदली. कोल्हापूर तिचं माहेर. पुढच्या महिनाअखेरपर्यंत होय की नाही ते कळवायचं होतं.

"जाऊ का नको, एक काय ते सांग," ती म्हणाली.

"तुला बरं वाटेल तसं कर."

"मला काय वाटतंय ते मला कळतंय की. तुला काय वाटतंय ते विचारतेय."

व्यंकटने प्रामाणिकपणे आत डोकावून पाहिलं. बायको आणि मुलगी कोल्हापूरला गेल्यात, घरात तो एकटा आहे, संध्याकाळ झाली आहे, असं सगळं डोळ्यांसमोर आणलं. काही हललं नाही. दुःख नाही, भीती नाही, सुटल्यासारखंही नाही. दुसऱ्या कुणाची तरी बदली झाल्यासारखं होतं ते.

"काहीच वाटत नाहीये," तो म्हणाला. एखादा शहाणा नवरा इथे खोटं बोलला असता. व्यंकटला खोटं बोलण्यापुरतीही निकड वाटत नव्हती.

स्नेहल भांडली नाही. दुसऱ्या दिवशी तिने त्याच्यासाठी 'सोबत' नावाच्या सेवेतल्या एका समुपदेशकाची दर बुधवारची संध्याकाळ ठरवून टाकली. "बसल्या जागी बोलायचं आहे. कुठं जायचं नाही, यायचं नाही. नाही पटलं तर सोड. पण बोल. नाहीतर पोरीला घेऊन मी जाते आणि तू इथं दाणे बघत बस."

"बरंय," तो म्हणाला.

*

घरात बोलायची सोय नव्हती. भिंती अशा की शेजारचा कुकर वाजला की स्नेहल आपलाच समजून उठायची. म्हणून व्यंकट खाली गाडीत जाऊन बसला. गाडी आपली आपण चालणारी, पण आज तिला कुठे जायचं नव्हतं. स्वयंपाकघराच्या खिडकीखाली ती उभी होती, तशीच उभी ठेवून त्याने काचा वर केल्या आणि कानामागे टिकली चिकटवली. फोन म्हणून हातात धरायची वस्तू तोवर जवळजवळ गेलीच होती. सगळ्यांच्या कानामागे कुंकवाच्या टिकलीएवढी एक चकती असायची, आणि तिलाच सगळे टिकली म्हणायचे.

समुपदेशन म्हणजे दाताच्या डॉक्टरकडे जाण्यासारखं काहीतरी असणार, अशी त्याची कल्पना होती. तोंड उघडायचं, कुठे दुखतं ते दाखवायचं, समोरचा आत काहीतरी खुपसणार, आणि मग दोन दिवस थंड खायचं नाही. अडचण एवढीच होती की त्याचं काही दुखत नव्हतं.

"नमस्कार. मी रेवती पाध्ये. सावंतवाडीहून बोलतेय. तुम्हाला काय म्हणू, व्यंकटेश की लोमटे सर?"

"काहीही."

"मग लोमटे सर म्हणते. पुढे बदलावंसं वाटलं तर सांगा. चेहरा दिसायला हवाय की नुसता आवाज पुरे?"

"आवाज पुरे, मॅडम."

आवाज तरुण होता, जरा कोरडा, भराभर बोलणारा. तिने त्याला काहीही विचारलं नाही. आधी इथे काय होतं आणि काय होत नाही तेच सांगितलं. ती सल्ला देणार नव्हती. बदली घ्यावी की न घ्यावी, घरात कुणाचं चुकतंय, असले निवाडे तिच्याकडे मिळणार नव्हते. बोलायचं नसेल तर गप्प बसलं तरी चालेल, तो वेळही त्याचाच. इथलं बोलणं बाहेर जाणार नाही, बायकोने विचारलं तरी नाही. कुणाच्या जिवालाच धोका आहे असं दिसलं तर मात्र ती गप्प बसणार नाही. सुरुवातीला बरं वाटायच्या ऐवजी जड वाटू शकेल. आणि तीच नको वाटली तर त्याने सरळ दुसरं कोणी मागावं, तिला राग येणार नाही.

"काही विचारायचंय?"

"नाही."

"मग मला एक सांगायचंय. माझ्या बाजूला एक यंत्र आहे, आम्ही त्याला जुळणी म्हणतो. तुम्ही हो म्हणालात तरच ते चालू करणार."

जुळणीची गोष्ट थोडी समजावून सांगायला हवी. दोन माणसं बरोबर चालू लागली की नकळत त्यांची पावलं एका तालात पडतात. बोलण्याचंही तसंच आहे. मन जुळलेली माणसं बोलता बोलता एकमेकांचा वेग, श्वास, थांबे उचलतात. हे फार पूर्वीपासून ठाऊक होतं. नंतर कुणाच्या तरी लक्षात आलं की प्रत्येक माणसाचा गळा एका विशिष्ट लयीला सर्वांत सैल पडतो. भीती किंवा ताण असला की गळ्याचे स्नायू आवळतात आणि आवाजात एक बारीक कंप येतो. तो कानाला कळत नाही, यंत्राला कळतो. ती लय कानावर आली की कंप कमी होतो. आपण बोलायला शिकलो ते ज्या माणसाच्या मांडीवर, बहुधा त्याचीच ती लय असते.

जुळणी एवढंच करायची. रेवतीचं बोलणं व्यंकटच्या कानात पोचायच्या आत ती त्याला हात लावायची. कुठे अर्धा श्वास वाढव, कुठे शेवटचं अक्षर उचल, कुठे वेग मोड. आणि प्रत्येक बदलाला व्यंकटचा गळा काय म्हणतो ते बघायची. किल्ली फिरत नसली की आपण ती जरा आत-बाहेर करून पाहतो, तसं. आवाजाचा रंग रेवतीचाच राहायचा, शब्द तिचेच राहायचे. लय तेवढी त्याच्या मापाची व्हायची. कुणाची नक्कल करायचा यंत्राचा हेतू नव्हता. नक्कल करायला समोर कुणी नव्हतंच, होता तो फक्त ऐकणाऱ्याचा गळा. ज्या लोकांना तोंड उघडायला महिने लागायचे ते दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत बोलू लागायचे.

"करू चालू?" रेवतीने विचारलं.

"करा," व्यंकट म्हणाला. त्याच्या दृष्टीने सगळंच बरं होतं.

*

पहिल्या बुधवारी काही झालं नाही. तिने प्रयोगशाळेबद्दल विचारलं, त्याने बियाण्याबद्दल सांगितलं. न उगवलेला प्रत्येक दाणा मेलेलाच असतो असं नाही, काही नुसते झोपलेले असतात, तेव्हा त्यांना वेगळं काढून पुन्हा तपासावं लागतं. रेवतीने यावर काही भाष्य केलं नाही, याबद्दल तिला मानायला हवं.

दुसऱ्या बुधवारी तिने विचारलं, "जेवलात का?"

संध्याकाळची वेळ, साधा प्रश्न. पण त्याच्या आधी एक छोटा श्वास आला, आणि 'का' जरा वर जाऊन थांबला, उत्तर मिळाल्याशिवाय खाली उतरणार नाही असा. व्यंकटने कानामागे हात नेला.

"हो," तो म्हणाला. मग न विचारता सांगून टाकलं, "पिठलं होतं."

अक्काला, अंबाजोगाईच्या त्या थोरल्या बहिणीला, हे सगळं सांगावं लागायचं. त्यांची आई गेली तेव्हा व्यंकट पाळण्यात होता. चौदा-पंधरा वर्षांच्या अक्कानेच त्याला वाढवलं, बोलायला शिकवलं, पाटीवर हात धरून गिरवून घेतलं. पुढे ती अंबाजोगाईला शिक्षिका झाली, लग्न झालं, नवरा वारला, निवृत्त झाली. व्यंकट कुठेही असो, रोज तिचा फोन यायचाच. "व्यंक्या, काय करायलास? जेवलास का? काय होतं?" तो काय जेवला हे कळल्याशिवाय तिला पुढचं काही सुचायचं नाही.

आणि बोलणं संपताना ती विचारायची, "बरं, ठेवू का?"

"ठेव," तो म्हणायचा.

मग ती ठेवायची नाही. नवीनच काहीतरी आठवायचं. पुन्हा "ठेवू का?", पुन्हा "ठेव". तिसऱ्या वेळी ती खरंच ठेवायची. पण त्याच्या तोंडून 'ठेव' ऐकल्याशिवाय फोन ठेवला, असं कधी झालं नाही. माणसाला मध्येच सोडून जाऊ नये, असं तिचं म्हणणं होतं.

शेवटच्या भाऊबिजेला व्यंकटने तिला टिकली दिली. तिचा जुना हातातला फोन वारंवार बंद पडायचा म्हणून. टिकलीला एक हुशारी होती. बोलणं संपत आलंय हे तिला शब्दांवरून कळायचं आणि ती आपणहून फोन तोडायची. 'ठेवू का' म्हटलं की माणसं ठेवतात, एवढं ती शिकलेली होती. त्याचं उत्तर यायचं असतं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. अक्का वैतागायची. "तुझं हे यंत्र लई आगाऊ आहे. मी नुसतं विचारायले आणि हे तोडून मोकळं." मग ती पुन्हा फोन लावायची, खास 'ठेव' ऐकायला, आणि तो हसत म्हणायचा, "ठेव, अक्का."

त्या दिवशी तो प्रयोगशाळेत होता. मेतकूट पाठवलंय, डबा रिकामा परत पाठवू नको, असं काहीतरी ती बोलली. मग "बरं, ठेवू का?" आणि फोन तुटला. हातातलं काम करत तो तिच्या फोनची वाट बघत राहिला. फोन आला तो संध्याकाळी, शेजारच्या बाईंचा. अक्का खुर्चीत बसल्या बसल्या गेली होती.

व्यंकटने सगळं रीतसर केलं. खांदा दिला, दिवस केले, तिचं सामान लावून दिलं. घरी आला आणि जेवायला काय आहे म्हणून विचारलं. फोन कसा तुटला, हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं त्यात काय होतं?

*

बुधवार आता त्याच्या ध्यानात राहू लागला. स्नेहलला आठवण करावी लागेना. उलट तो लवकर घरी येऊन, हातपाय धुऊन, स्वच्छ शर्ट घालून खाली जायचा. गाडीत बसला की त्याला बोलता येत होतं. बॉसच्या नव्या दाढीबद्दल, टाकी दुरुस्त करायला आलेल्या माणसाबद्दल, लहानपणी अक्काच्या साडीला धरून शाळेत जाण्याबद्दल. रेवती ऐकायची. मध्येच अर्धा श्वास घेऊन विचारायची, "आणि मग?" आणि व्यंकट आणखी सांगायचा. त्याला काही फार वाटत होतं असंही नाही. बधिर पायाला कुणी हात लावला तर हात लागल्याचं कळतं, तेवढंच. पण तेवढंही दुसरीकडे कुठे मिळत नव्हतं.

वर घरात आला की मात्र पुन्हा बरंय.

एका बुधवारी स्नेहल स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी राहून भाजी निवडत होती. खाली गाडीच्या काचेतून तिला नवरा दिसला. तो हसत होता. दात दिसेपर्यंत, मान मागे टाकून. तिने हातातली जुडी खाली ठेवली. दिवाळीनंतर तिने त्याला हसताना पाहिलं नव्हतं, आणि आता तो हसत होता तो गाडीत, एका परक्या बाईशी. तिला आनंद व्हायला हवा होता. झाला तो अपमान, आणि अपमान झाला म्हणून स्वतःचाच राग आला.

तो वर आल्यावर तिने विचारलं, "झालं बोलणं?"

"हं."

"काय म्हणाल्या?"

"काही नाही."

"महिना संपत आलाय, व्यंकट."

"बरंय," तो म्हणाला आणि हात धुवायला गेला.

इकडे रेवतीलाही काहीतरी खटकत होतं. पुढच्या भेटीत तिने विचारलं, "लोमटे सर, तुमचा गळा माझ्याशी बोलताना अगदी मोकळा असतो, यंत्र सांगतंय. पण तुम्हीच सांगताय की घरी काही बदललेलं नाही. म्हणून एक विचारते. माझ्या बोलण्यात तुम्हाला कुणी ओळखीचं ऐकू येतं का?"

"नाही," व्यंकट म्हणाला.

किती तरी दिवसांनी तो खोटं बोलला होता. म्हणजे गमावण्यासारखं काहीतरी त्याच्याजवळ होतं. हे त्याच्याही लक्षात आलं आणि त्याला थोडी भीती वाटली. तीही पुष्कळ दिवसांनी.

*

महिनाअखेर टेकली तेव्हा स्नेहलने ठरवलं की आता याला गाडीतच गाठायचं. वर आला की हा पुन्हा दगड होतो. बुधवारी ती खाली उतरली, शेजारचं दार उघडून सरळ आत बसली. व्यंकटच्या टिकलीतलं चार्जिंग संपलं होतं म्हणून बोलणं गाडीच्या स्पीकरवर चालू होतं.

"आणि मग," रेवतीचा आवाज आला. छोटा श्वास. "तुम्ही काय केलंत?"

स्नेहलचा हात दाराच्या कडीवरच राहिला.

"कुणी आलंय का तिथे?" रेवतीने विचारलं. "मग आपण इथेच थांबू या, लोमटे सर. हे बोलणं तुमचं आहे. पुढच्या वेळी बोलू." तिने बोलणं संपवलं.

गाडीत दोघंच राहिली. समोरच्या गच्चीवर कुणीतरी वाळत घातलेले कपडे काढत होतं.

"या अक्कांसारखं का बोलतात?" स्नेहलने विचारलं.

व्यंकटने स्पीकर बंद केला.

"आवाज त्यांचा नाही. पण बोलायची पद्धत, ते थांबणं... मी किती वर्षं ऐकलंय, व्यंकट. रोज तुझ्या फोनवर ऐकलंय." तिला हळूहळू उलगडा होत गेला. "तू बुधवारी यांच्याशी बोलत नाहीस. तू अक्कांना फोन करतोस."

"तसं नाहीये. ते यंत्र..."

"यंत्र असू दे की. मी वरून तुला बघते. तू हसतोस. दुसरी कुणी असती तर मी भांडले असते, झिंज्या धरल्या असत्या तिच्या. अक्कांशी कशी भांडू?" आता तिचा आवाज चिरकला. "गेल्यावर त्यांच्या तोंडात शेवटचं पाणी मी घातलंय रे. तू तिथं उभा होतास. तू बघितलंस की नाही?"

"बघितलं," तो म्हणाला. त्याने खरोखरच बघितलं होतं. अक्काच्या मिटल्या ओठांवरून पाणी ओघळलं होतं आणि स्नेहलने पदराने पुसलं होतं. ते सगळं त्याच्याजवळ होतं. नुसतंच होतं, दुसऱ्याच्या घरचा फोटो असावा तसं.

"परवा मी होय म्हणून कळवणार आहे," स्नेहल म्हणाली. "नको जाऊ म्हण, नाहीतर मीही येतो म्हण. काहीतरी म्हण. मुक्यानं जाऊ देऊ नको मला." ती उतरून वर गेली.

व्यंकटने गाडीतूनच 'सोबत'ला निरोप टाकला, बुधवारपर्यंत थांबता येणार नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळची वेळ मिळाली.

*

"मी खोटं बोललो होतो," त्याने बसल्या बसल्या सांगितलं. "तुमच्या बोलण्यात माझी बहीण ऐकू येते."

रेवती थोडी थांबली. ते थांबणंसुद्धा अक्काचंच होऊन त्याच्या कानात आलं. "शंका होती मला. इथे लोक खोटं बोलतात, लोमटे सर. चालतं ते. सांगितलंत, बरं झालं."

"हे यंत्र तिला कुठून ओळखतं?"

"ओळखत नाही. ते फक्त तुमचा गळा ओळखतं. तुम्ही बोलायला कुणाकडून शिकलात?"

"तिच्याकडूनच."

"मग ती लय यंत्राने तुमच्याकडूनच घेतली. ती यंत्रात नाही. तुम्ही शर्वरीला जेवलीस का विचारत असाल ना, तेव्हा तीच येत असेल."

गेल्या कित्येक महिन्यांत शर्वरीला आपण हे विचारलेलं नाही, हे व्यंकटला आठवलं. आठवलं आणि कुठेतरी टोचलं.

"आता नियमाचं एक सांगते," रेवती म्हणाली. "जुळणीत गेलेलं माणूस ऐकू येत असेल तर मला ते तुमच्यासमोर मांडावं लागतं. ती चालू ठेवता येते. हळूहळू कमी करता येते. किंवा लगेच बंद करता येते. बंद केली की मी तुम्हाला माझ्यासारखी ऐकू येईन, आणि ते तुम्हाला आवडेलच असं नाही. कुठलं बरोबर, ते मी सांगणार नाही. तुमचं उत्तर तोंडीच हवं, यंत्र ते टिपून घेतं. सावकाश सांगा."

व्यंकटने मान वर केली. वर स्वयंपाकघरात दिवा लागला होता. खिडकीत स्नेहल नव्हती, पण कपाटं उघडल्या-मिटल्याचा आवाज येत होता. ती बांधाबांध करत असावी किंवा नुसता स्वयंपाक. त्याला वाटलं, बंद करा म्हणावं. शब्द तोंडात आला आणि तिथेच राहिला. ही लय गेली की कुणी विचारणार नाही काय जेवलास. कुणी थांबणार नाही तसं. बंद केली की ती खरंच...

नियम असल्यामुळे रेवतीला पुन्हा विचारावंच लागलं.

"लोमटे सर, जुळणी आहे तशी चालू ठेवू का?"

तो खिडकीकडे बघत राहिला. ऐकू गेलं नसावं असं समजून तिने तेच, आपण कुणीही विचारतो तसं, थोडक्यात विचारलं. जुळणीने त्याआधी एक छोटा श्वास घातला आणि शेवटचं अक्षर उचलून धरलं.

"ठेवू का?"

व्यंकटने स्टिअरिंग घट्ट धरलं. प्रयोगशाळेतला ओल्या कागदाचा वास आला. मेतकूट पाठवलंय. डबा रिकामा पाठवू नको. बरं, ठेवू का? आणि त्यानंतर आलेली ती शांतता, जिच्यात तो तेव्हापासून उभा होता, कानामागे हात नेऊन, तिचा फोन परत येईल म्हणून. आता तो 'का' वर जाऊन थांबला होता. त्याच्या शब्दासाठी थांबला होता.

"ठेव," तो म्हणाला. आवाज फुटेना, म्हणून पुन्हा म्हणाला, "ठेव, अक्का."

पलीकडे काही क्षण काहीच नव्हतं. मग एक आवाज आला. कोरडा, भराभर, जरासा घाबरलेला, सावंतवाडीकडच्या एका तरुण बाईचा.

"लोमटे सर? यंत्राने होकार लिहिलाय. चालू ठेवा, असा. पण तुम्ही मला आजवर एकदाही अगं-तुगं केलेलं नाही. मला म्हणाला असतात तर 'ठेवा' म्हणाला असतात. ते तुम्ही मला म्हणाला नाहीत, असं मला वाटलं." ती जरा थांबली. या थांबण्याला आता कसलीच लय नव्हती. "माझी आजीसुद्धा फोनवर असंच विचारायची. म्हणून मी जुळणी बंद केलीय. चुकलं असेल तर सांगा."

"नाही चुकलं," व्यंकट म्हणाला. एवढं म्हणेपर्यंत त्याचा श्वास अडखळला आणि मग तो रडला. काही शोभा नव्हती त्या रडण्याला. नाक वाहत होतं, गाडीच्या काचा धुरकटल्या होत्या, आणि छातीत इतकं दुखत होतं की डॉक्टरला बोलवावं असं क्षणभर त्याला वाटलं. बधिर पायात मुंग्या येतात तेव्हा तो पाय कापून टाकावासा वाटतो, तसं ते होतं. रेवती काही बोलली नाही. तिने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, हा वेळही त्याचाच.

जरा शांत झाल्यावर त्याने विचारलं, "मॅडम, आता काय करायचं?"

"ते मी सांगत नाही," ती म्हणाली. "पण मी आहे इथे. बुधवारी."

*

तो वर आला तेव्हा स्नेहल ओट्यापाशी होती. टेबलावर तिचं पत्र उघडं होतं, पाठवायचं राहिलेलं. शर्वरी कानामागे टिकली लावून अभ्यासाला बसली होती.

"झालं बोलणं?" स्नेहलने मागे न बघता विचारलं. सवयीने विचारलं, उत्तराची वाट न बघता.

"झालं," तो म्हणाला. "स्नेहल, अक्का गेली."

आत्ताच कुठूनतरी कळल्यासारखं तो ते म्हणाला. तिने वळून पाहिलं. त्याचा चेहरा सुजला होता, शर्टाची बाही ओली होती. शर्वरीने टिकली काढली. स्नेहलला म्हणता आलं असतं की हो, आणि महिने झाले त्याला. तिने गॅस बारीक केला, हात पुसले आणि ती त्याच्याजवळ आली.

"कधी रे?" तिने विचारलं.

त्याने सगळं सांगितलं. मेतकूट, डबा, तुटलेला फोन, न म्हटलेला शब्द. सांगताना तो दोनदा थांबला आणि दोन्ही वेळा त्या दोघी थांबून राहिल्या. वरण उतू गेलं, ते शर्वरीने उठून बंद केलं.

"जेवलीस का गं?" त्याने तिला विचारलं.

"नाही अजून," ती म्हणाली आणि विचित्र नजरेने आईकडे बघू लागली.

व्यंकटने टेबलावरचं पत्र पाहिलं. कोल्हापूर हा शब्द वाचला आणि पोटात खड्डा पडला. इतक्या दिवसांनी खड्डा पडला, की त्याला ते काय आहे हे ओळखायला थोडा वेळ लागला.

"तू नको जाऊस," तो म्हणाला. मग ती काही बोलायच्या आत, लहान मुलासारखं घाईघाईने त्याने पुढचं म्हटलं, "गेलीस तर मला घेऊन जा."